माग

महादेवा, आज बेल आणला नाही. चांदणी चौकात झेंडूच्या माळा मांडून बसलेल्या बायका होत्या, त्यांच्याकडे बेलही असेल, पण मी थांबलो नाही. फरिदाबादहून पहिली मेट्रो धरली, लाल किल्ल्याला उतरलो आणि सरळ तुझ्यापुढं येऊन बसलो. हात रिकामे आहेत. काय मागायचं हेही ठरवून आणलेलं नाही. काल रात्रभर एक सांबर डोळ्यांपुढून हललं नाही. ते तेवढं घेऊन आलो आहे.

इथं तुला गौरीशंकर म्हणतात. आपा गंगाधर नावाच्या मराठा सरदारानं १७६१ साली हे देऊळ बांधलं. लढाईत तो असा घायाळ झाला होता की जगण्याची आशा उरली नव्हती. त्यानं तुला साकडं घातलं, वाचलो तर तुझं देऊळ बांधीन म्हणाला, आणि वाचला, अशी कथा सांगतात. नोकरीच्या निमित्तानं दिल्लीत आलो त्याला पस्तीस वर्षं झाली. इथं येताना नेहमी वाटायचं, आपल्या मुलखाच्या माणसानं बांधलेलं देऊळ आहे, आपलं गाऱ्हाणं इथं मराठीत चालेल. आज पायरी चढताना मात्र मनात आलं, हे एका जखमी माणसाचं देऊळ आहे. जखमीचा आवाज तुझ्यापर्यंत पोचला होता. माझी हाक जखमीची नाही रे. जखम करून जो पाठ फिरवून निघून गेला, त्याची आहे. तीही ऐक.

काल माझ्या लेकीची निवड चाचणी होती. तुघलकाबादच्या करणीसिंग रेंजवर, पन्नास मीटर रायफल, तीन पोझिशन. तुला ठाऊक आहे सगळं, तरी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय माझं मला कळणार नाही. वीस गोळ्या गुडघ्यावर बसून, वीस पोटावर झोपून, वीस उभ्यानं. दीड तासात साठ. पन्नास मीटरवरच्या त्या चकतीत दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं, सदऱ्याच्या गुंडीएवढं. उभं राहिलेलं माणूस कधीच स्थिर नसतं. रक्त वाहतं, पोट हलतं, पापणी हलते. त्या सगळ्या हलण्यातून एक क्षण सापडतो आणि त्या क्षणी बोटानं चापाला नुसतं सुचवायचं असतं. गुडघ्यावर ती छान खेळली. झोपून तर फारच छान. उभ्यानं बारा गोळ्या झाल्या आणि वारा फिरला. झेंड्या एका अंगाला होत्या, त्या पडल्या आणि दुसऱ्या अंगाला उठल्या. तिनं थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. मॉनिटरवर सात उमटला. पुढची गोळी आठ. मग तिनं रायफल खाली घेतली, डोळे मिटले, पाणी प्यायली आणि उरलेल्या सगळ्या नऊ-दहात मारल्या.

हे शेवटचं मी काल पाहिलंच नाही. डोळ्यांनी दिसत होतं, पण माझं सगळं लक्ष त्या सात-आठवर खिळलं होतं.

बाहेर आली तेव्हा जाडजूड जॅकेट काखेत, पाठीवर रायफलची पेटी, केस घामानं कपाळाला चिकटलेले. म्हणाली, "बाबा, दोन शॉट गेले." इतकंच. आणि मी वही काढली, महादेवा. मी हिशेब खात्यातला माणूस. वहीत बेरीज केली, हे दोन नसते तर कितवी आली असती ते तिला दाखवलं. मग जे बोललो ते तुझ्यापुढं पुन्हा उच्चारायला जीभ वळत नाही, पण उच्चारतो. म्हणालो, "आठ वर्षं घर तुझ्या गोळ्यांवर चालवलंय. आणि तुला दोन गोळ्या सांभाळता येत नाहीत?"

ती "हो बाबा" म्हणाली. रडली नाही, भांडली नाही. पेटी उचलली आणि तिच्या खोलीकडे, तुघलकाबाद एक्स्टेन्शनकडे चालू लागली. मी मेट्रोकडे वळलो. मागं वळून पाहिलं नाही. रात्री साडेनऊला तिचा निरोप आला, "पोहोचलात का?" मी वाचला. उत्तर दिलं नाही.

आणि मग अंधारात ते सांबर येऊन उभं राहिलं.

आमचं गाव राधानगरी तालुक्यातलं. तुझा जोतिबा आमचं कुलदैवत. त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या १ ऑगस्टला पॅरिसमध्ये याच खेळात ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन उभा राहिला, तेव्हा मी फरिदाबादच्या घरात टीव्हीपुढं उभा राहून हात जोडले होते. आमच्या मातीत नेम आहे याचा मला फार अभिमान वाटला. पण आमच्या मातीतला नेम आधी कागदावर नव्हता, देवा. दाजीपूरचं रान कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान. १९५८ मध्ये ते अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. त्याच्या बाहेरच्या रानात मात्र परवाना काढून शिकार चालायची. माझ्या वडिलांकडे, आबांकडे, दुनळी बंदूक होती आणि परवानाही. शेतकरी माणूस. वर्षातून चार-सहा वेळा रानात जायचा.

त्यांचे किती बार फुकट गेले त्याची गणती नाही. भेकर समोरून उडी मारून जायचं, गोळी झाडाच्या बुंध्यात. आबा हसत घरी यायचे. आईला सांगायचे, "बार बी गेला, जनावर बी गेलं. दोघंबी सुखी." त्या चुकण्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. काडतुसाचे पैसे तेवढे गेले. असे चुकलेले बार हा तुझा प्रसादच होता, हे मला आता या वयात कळतंय.

पण १९६९ ची भोगी. मी नऊ वर्षांचा. हट्ट करून आबांबरोबर गेलो होतो. बरोबर एक धनगर मामा, माग काढण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. दिवस कलला तेव्हा ओढ्यावरच्या उतारावर ते सांबर आलं. मोठं, मानेवर दाट केस, शिंगं मागं रेललेली. ते एकदा थांबलं, पुढचा एक पाय वर धरून. आबांनी नेम धरला. बंदुकीची माशी त्याच्या खांद्यामागं बसली असणार, कारण आबांचा हात पक्का होता. पण चाप ओढायला आणि सांबरानं पाऊल टाकायला एकच गाठ पडली. एक पाऊल फक्त. गोळी खांद्यामागं न लागता पोटात लागली. सांबर पाठीत वाकलं, क्षणभर उभं राहिलं आणि दडदडत खाली गेलं.

मी ओरडलो, लागलं, लागलं! आबा काही बोलले नाहीत. मामांनी जागेवर जाऊन पान उचललं, वास घेतला आणि म्हणाले, "आबा, पोटात लागलंया. आत्ता मागं लागू नगासा. बसू द्या त्येला. मागं लागलं की उर फुटंस्तोवर पळतंय. उजाडल्यावर गावंल."

ते बरोबर सांगत होते. फुप्फुसात लागलेलं जनावर लवकर पडतं, त्याचं रक्त फेसाळ, गुलाबी येतं. पोटात लागलेल्याचं काळपट येतं, त्यात चघळलेल्या पाल्याचं हिरवं पाणी मिसळलेलं असतं, आणि ते जनावर तासन्‌तास जगतं. शांतपणे बसू दिलं तर जवळच बसतं. हे सारं मला त्या रात्री चुलीपुढं मामांच्या तोंडून कळलं. आबा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. पहाटे निघालो. मामा पुढं, आबा मागं, मी त्यांच्या मागं. पानावर थेंब. दहा पावलांवर आणखी एक. मोडलेली काटकी. दगडावर केस. जिथं ते रात्री बसलं होतं तिथं गवत दबलेलं होतं आणि त्यावर काळं पडलेलं रक्त. मी हात लावला तर चिकट होतं. तिथून माग ओढ्यात उतरला आणि संपला. पाण्यात माग राहत नाही. मामा म्हणाले, वरच्या अंगाला एक फांदी मोडलीय, आपण वर बघू. आणि आबा मला म्हणाले, "तू खालच्या अंगाला जरा बघ रं. पन्नास पावलं जा, काय दिसलं तर हाक मार."

मी गेलो. पन्नास पावलं पुरी झाली नसतील. ओढ्यातल्या एका सपाट दगडावर, पाण्याच्या वर बोटभर, रक्ताचा ओघळ होता. ओला. पलीकडच्या चिखलात खुराचा ठसा होता, त्यात पाणी अजून भरत होतं. महादेवा, ते सांबर तिथून नुकतंच गेलं होतं. पाण्यातून खाली खाली.

माझ्या पायात काटे मोडले होते. पोटात काही नव्हतं. घरी आईनं गुळाच्या पोळ्या करायला घेतल्या असतील हे मला स्वच्छ दिसत होतं. हाक मारली असती तर आणखी दोन तास, तीन तास, कदाचित दिवसभर. मी त्या दगडाकडं पाहिलं आणि परत फिरलो. आबांनी वरून विचारलं, "दिसलं का काय?"

मी म्हणालो, "न्हाई."

आठव्या दिवशी ओढ्याच्या खालच्या अंगाला गिधाडं उतरली. आबा एकटेच जाऊन पाहून आले. बंदूक पुसली, तेल दिलं, खुंटीला लावली, आणि पुन्हा कधी काढली नाही. १९७२ मध्ये वन्यजीवांचा कायदा आला, तेव्हा लोक म्हणाले, आबांनी कायद्याच्या आधीच सोडली. आबांना आयुष्यभर वाटत राहिलं की आपला नेम चुकला म्हणून ते जनावर आठ दिवस तळमळलं. आबा गेले. मी त्यांना सांगितलं नाही की तुमचा नेम एका पावलानं चुकला, पण माग मी चुकवला. माणसाला हे सांगायला छप्पन्न वर्षं लागतात का रे? मला लागली. पहिल्यांदा तुलाच सांगतोय.

म्हणून मला आज तुझ्याशी नेमाबद्दल बोलायचं नाही. तो चुकणारच. वारा फिरतो, सावज पाऊल टाकतं, बोट थरथरतं. ज्या दिल्लीच्या उशाशी मी राहतो तिच्या रिजच्या टेकड्यांवर फिरोजशहा तुघलकाचे शिकारमहाल अजून उभे आहेत, मालचा महाल, भुली भटियारीचा महाल. तिथून बाण सुटले असतील, किती वाया गेले असतील. जहांगीर बादशहानं तर हिशेब ठेवला होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ जनावरं-पाखरं मारली गेली, त्यांतली १७,१६७ त्याच्या स्वतःच्या हातची, हे त्यानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. हिशेबाच्या माणसाला तो आकडा वाचून आधी कौतुक वाटतं. मग प्रश्न पडतो, की जी पोटात गोळी घेऊन झाडीत गेली आणि सापडली नाहीत, ती कुठल्या रकान्यात लिहिली? तो रकानाच नाही. माझ्या कालच्या वहीतही नव्हता.

आणि त्याच जहांगिराचा शेवट बघ. १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना बैरमकल्ल्याला तो बसून शिकार करत होता. एक हरिण धडपडत कड्याच्या टोकाशी गेलं. ते कुठं आहे हे पाहायला पुढं झालेला एक साधा प्यादा पाय निसटून खाली कोसळला. बादशहाच्या मनानं त्याची अशी काही धास्ती घेतली की तो सावरला नाही. काही दिवसांतच, ऑक्टोबरात, वाटेतच गेला. १७,१६७ जनावरं मारणारा माणूस त्या एका हरणापाशी मोडला. मला त्याच्याबद्दल फार माया वाटते.

महादेवा, पुराणातही ज्यांचा नेम चुकला त्यांना तू टाकलं नाहीस. दशरथानं आवाजावर बाण सोडला, हत्ती समजून, आणि तो श्रावणाला लागला. तो राजा पळून जाऊ शकला असता. अंधार होता, कुणी पाहिलं नव्हतं. पण तो त्या कण्हण्याच्या दिशेनं गेला, पोराचं शेवटचं बोलणं ऐकलं, भांडं भरून घेतलं आणि आंधळ्या आई-बापापुढं जाऊन उभा राहिला. शाप मिळणार हे कळून गेला. जरा नावाच्या पारध्यानं कृष्णाचा पाय हरिण समजून विंधला, तोही सावज उचलायला जवळ गेला, आणि समोर कोण आहे हे पाहून पायांवर कोसळला. दोघंही आपल्या बाणामागं गेले. मी पन्नास पावलं गेलो आणि परत आलो.

माझा भाचा अमेरिकेत कोलोरॅडोत असतो. तिथं एल्क नावाचं सांबराच्याच कुळातलं मोठं जनावर आहे, त्याच्या शिकारीला परवाना मिळतो. तो सांगत होता, तिथला कायदा म्हणतो की ज्या जनावराला तुझी गोळी लागली किंवा लागली असावी, त्याचा माग काढायचा योग्य तो प्रयत्न तू केलाच पाहिजेस. नाही केलास तर गुन्हा. नेम चुकणं हा गुन्हा नाही. मी फोनवर नुसता "असं का" म्हणालो. तो काय बोलला हे त्याला माहीत नव्हतं.

लेकीच्या खेळातलं सावज खरं नाही, याचं मला रोज बरं वाटतं. एकेकाळी ऑलिंपिकमध्ये धावतं हरिण असायचं. लाकडी, रुळांवरून सरकणारं. १९०८ मध्ये लंडनला ऑस्कर स्वान नावाच्या स्वीडिश माणसानं साठाव्या वर्षी त्यात सुवर्णपदक मिळवलं, आणि १९२० मध्ये बहात्तराव्या वर्षी पुन्हा रौप्य. १९५६ नंतर ते हरिण ऑलिंपिकमधून गेलं. त्या लाकडी हरणाची एक गोष्ट मला फार आवडते. गोळी पोटात लागो की पायात, ते मागं ओढून आणता यायचं आणि पुन्हा धावायला सोडता यायचं. आता तर नुसती वर्तुळं उरली. गोळी सातात गेली तरी मागच्या बंधाऱ्यात पुरली जाते, कुठल्या झाडीत कुणी तळमळत नाही. रेंजच्या अंगालाच असोला-भाटीचं अभयारण्य आहे. आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं केंद्र आहे तिथं, मुलांना पाखरं आणि झाडं दाखवतात. बदरपूरची वाळू उपसून ज्या जमिनीची चाळण केली होती, त्या जमिनीत पुन्हा झाडं धरलीत. एकदा लेकीची वाट पाहत उभा असताना त्या बाजूच्या झुडपांत नीलगाय दिसली. आत गोळ्यांचा आवाज चालू होता, आणि ती निवांत पाला खात होती. त्या क्षणी वाटलं होतं, हे आबांना दाखवायला हवं होतं.

अशा निर्धोक जागी, जिथं कुणाला लागूच नये म्हणून भिंती घातल्यात, तिथं मी काल एकाला पोटात मारलं.

खांद्यामागं नाही. खांद्यामागचं बोलणं वेगळं असतं, ते सरळ लागतं, माणूस रडतो, ओरडतो, मोकळा होतो. मी पोटात मारलं. ती "हो बाबा" म्हणाली, क्षणभर पाठीत वाकली आणि झाडीत निघून गेली. आणि मी वही मिटून घरी आलो, माझं जेवण वाढलेलं होतं तिथं. तिनं आठ वर्षांत किती पहाटे या रेंजवर काढल्या, जानेवारीत धुक्यात समोरचं टार्गेट दिसत नसताना बोटं फुंकत कशी उभी राहिली, हे मला माहीत आहे. तिचे तळवे मी पाहिलेत. सात आणि आठ मारल्यावर ती रायफल खाली घेऊन पुन्हा उभी राहिली, त्याला काय लागतं हे मला आबांच्या घरात जन्मून कळू नये? त्या शेवटच्या गोळ्या म्हणजेच कालचा खेळ होता. तिचा प्रशिक्षक तिला एक गोष्ट सारखी सांगतो. गोळी सुटली तरी डोळा हलवायचा नाही, गाल काढायचा नाही, ती जिथं गेली तिथं थोडा वेळ राहायचं. फॉलो-थ्रू म्हणतात त्याला. ती राहते. मी राहत नाही.

आई रोज तुझं शिवलीलामृत वाचायची. अकरावा अध्याय रोजचा, आणि महाशिवरात्रीला दुसरा, व्याधाचा आणि मृगीचा. श्रीधरस्वामींनी तो ग्रंथ १७१८ मध्ये बारामतीला पुरा केला, आणि आमच्यासारख्या शिकारीच्या गावांतही तो घरोघर होता. त्या गोष्टीत व्याध धनुष्य ओढतो आणि मृगी म्हणते, पिलांना भेटून येते, मग मार. तो सोडून देतो. ती परत येते. सगळे परत येतात. शेवटी हरणं मृग नक्षत्र होतात आणि व्याध त्यांच्या मागचा तारा. लहानपणी अंगणात झोपल्यावर आई ते दाखवायची. आबांनी एकदा दुसरीच गोष्ट सांगितली, जी त्याहून जुनी आहे म्हणतात. की व्याध म्हणजे तूच, रुद्र. मृग पळत होता, तू बाण सोडलास, आणि मृगाच्या पोटात जे तीन तारे ओळीत दिसतात तो तुझा बाण. अजून रुतलेला.

तेच तारे. एका गोष्टीत सोडून दिलेलं हरिण, दुसऱ्यात पोटात बाण घेऊन धावणारं. आबा दुसरी गोष्ट सांगून गप्प झाले होते. आता कळतं का ते. काल रात्री गच्चीवर गेलो, फरिदाबादच्या धुरकट आभाळातही ते दिसतात, माघात तर डोक्यावर असतात. तीन तारे आणि मागं व्याध, लखलखीत. मी बराच वेळ पाहत होतो. तू बाण मारलास आणि निघून नाही गेलास. तू अजून त्याच्या मागावर आहेस. युगं झाली, मृग उगवला की मागोमाग तू उगवतोस, तो मावळला की त्याच्या मागं उतरतोस. त्याला मारायला जातोस की बाण काढायला, हे मला कळत नाही. पण त्याला तू एकटं सोडलेलं नाहीस.

मला तसं करायचं बळ दे. दुसरं काही मागत नाही.

तिची निवड होवो असं मागायला घरून निघालो होतो, खरं सांगतो. आता मागत नाही. झाली तर ती तिच्या हातानं होईल. तिच्या गोळ्या चुकू देत, पण त्या मातीत जाऊ देत, कुणाच्या अंगात नको. वारा फिरला की थांबायची बुद्धी तिला दे. आबा कुठं असतील तिथं त्यांना सांग की खालच्या अंगाच्या दगडावर रक्त होतं आणि ते त्यांच्या पोरानं पाहिलं होतं. त्यांच्या खांद्यावरचं ते ओझं आता उतरव, ते माझं आहे. त्या सांबराचं मी काय मागू? त्याला आठ दिवस लागले. ते आठ दिवस तू त्याच्याजवळ बसला होतास असं समजून मी जगतो. नव्हतास बसला, असं मला सांगू नकोस.

बाहेर शेजारी लाल मंदिरात जैनांचं पाखरांचं इस्पितळ आहे. मांजानं पंख कापलेली कबुतरं लोक पिशवीत, रुमालात गुंडाळून घेऊन येतात. मघाशी येताना एक पोरगा पाहिला, शर्टाच्या आत पाखरू धरून पळत होता. पतंग त्याचाच होता की दुसऱ्याचा, कोण जाणे. त्यानं वाट पाहिली नव्हती, एवढं खरं.

माझ्याकडे तिचा निरोप आहे, महादेवा. "पोहोचलात का?" काल मी तिला तसं बोलून गेलो आणि रात्री तीच माझ्या मागावर होती. दगडावरचा ओला ओघळ मला पुन्हा दिसला आहे, आणि या वेळी तो मलाच हाक मारतोय. लाल किल्ल्यावरून तुघलकाबादला एकच गाडी जाते, मध्ये बदलावी लागत नाही. ती आज सरावाला जाणार नाही, खोलीतच असेल, दार कदाचित लवकर उघडणार नाही. मी बाहेर बसेन. मामा म्हणाले होते, बसू द्या त्येला. तसा बसेन, पण जवळ बसेन, खालच्या पायरीवर, उठून जाणार नाही.

उठतो आता. घंटा वाजवत नाही, माझ्यामागं रांग आहे. तेवढा बेल राहिला, तो जाताना घेतो. तिच्या उशाला ठेवीन.